टायर धुण्याचा खड्डा कोरडा आहे

सकाळी सातला समोरच्या बांधकामावरून पहिला हायवा डंपर बाहेर पडतो. मातीने भरलेला, ताडपत्री अर्धीच ओढलेली, तिचं एक टोक वाऱ्यावर फडफडत असतं. गेटच्या आत सिमेंटचा एक उथळ खड्डा केलेला आहे. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीची चाकं त्यात धुवायची, चिखल आतच ठेवायचा, रस्त्यावर येऊ द्यायचा नाही, यासाठी तो बांधला. गेले चोवीस दिवस मी रोज त्या गेटवरून दूध आणायला जातो. त्या खड्ड्यात एकदाही पाणी पाहिलेलं नाही. तळाच्या गाळाला भेगा पडल्यात आणि कोपऱ्यात गुटख्याच्या पुड्या साचल्यात.

वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, "काका, हितं प्यायचं पाणी टँकरनं येतंय. चाकं कशानं धुवायची?"

त्याच्याशी भांडण नाही. भांडण आहे ते "चाके धुण्याची सोय करण्यात आली आहे" या वाक्याशी. हे वाक्य कागदावर आहे. खड्डा जागेवर आहे. म्हणजे अट पूर्ण झाली. आणि ती माती आमच्या रस्त्यावर आहे, दुपारपर्यंत तिची भुकटी होते, आणि संध्याकाळी ती पाचव्या मजल्यावरच्या माझ्या खिडकीच्या पट्टीवर असते. बोट फिरवलं की बोटाचा ठसा उमटतो. सकाळी पुसलेल्या पट्टीवर संध्याकाळी पुन्हा ठसा.

मी पुनावळ्यात राहतो. पुनावळे, ताथवडे, रावेत, किवळे हा सगळा पट्टा गेल्या काही वर्षांत उसातून उठला आणि क्रेनखाली गेला. लोकांना घरं हवीत, मलाही हवं होतं, मी राहतो ती इमारतही एके दिवशी कुणाच्या तरी खिडकीवरची धूळ होती. घरं बांधूच नका, असं मला म्हणायचं नाही. म्हणायचं ते एवढंच: नवी वसाहत उभी राहताना आणि उभी राहिल्यावर आजूबाजूच्या हवेचं काय होईल, हे आधी तपासायचं असा या देशात कायदा आहे. ती तपासणी खरी करा.

गेटवर हिरवा फलक आहे, त्यावर पर्यावरण मंजुरीचा क्रमांक आहे. 'परिवेश' या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर तो टाकला की अर्ज, मंजुरीचं पत्र, अटी, सगळं उघडतं. दोन रात्री बसून वाचलं. पाण्याचा हिशेब लिटरमध्ये. सांडपाण्याचा हिशेब. झाडांची नावानिशी यादी. पार्किंग शेवटच्या दुचाकीपर्यंत मोजलेलं. हवेला दीड पान.

त्या दीड पानात एक तक्ता. पीएम १० आणि पीएम २.५ हे बारीक धूळकण, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड. मोजणी एका ठिकाणी, प्लॉटवरच. एक दिवस. महिना ऑगस्ट. शेवटच्या रकान्यात चारही ओळींत एकच शब्द: मर्यादेत.

ऑगस्टमध्ये हवा मर्यादेत असणारच. आठ-आठ दिवस रिपरिप असते, धूळ उडायच्या आधीच बसते. आमच्या हवेचा खरा महिना डिसेंबर. थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि जड असते, वर ऊबदार थर झाकणासारखा बसतो, वारा पडलेला असतो. रात्रभराची धूळ आणि धूर त्या झाकणाखाली कोंडून राहतो, आणि मुलांच्या शाळेच्या बस नेमक्या त्याच वेळी निघतात. मोजायचं असेल तर तेव्हा मोजा.

आणि किती वेळा मोजायचं, तेही लिहिलेलं आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची हवेची राष्ट्रीय मानकं २००९ सालची. पीएम २.५ साठी दिवसाची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, वर्षाची ४०. पीएम १० साठी दिवसाची १००, वर्षाची ६०. वर्षाची सरासरी काढायची असेल तर एका जागी वर्षभरात किमान १०४ मोजण्या हव्यात, आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी चोवीस तासांची. आमच्या तक्त्यात एक आहे. या मर्यादाही फार कडक आहेत असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ साठी वर्षाची पातळी ५ ठेवली. आपली ४०. आठपट सैल मर्यादेत बसतो, हे सांगायलाही आपण पावसाळ्यातला एक दिवस निवडतो.

आता अर्जाकडे या. अर्ज वाईट नाही, आणि मला राग येतो तो यामुळेच. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेबरोबर आलेला हा अर्ज चांगला अर्ज आहे. ज्याने लिहिला त्याला हवा कळत होती. बांधकाम प्रकल्पांसाठीच्या नमुन्यात हवेचा वेगळा भाग आहे, आणि त्यात पहिल्याच प्रश्नात विचारलंय की या प्रकल्पामुळे हवेतल्या वायूंचं प्रमाण वाढेल का, उष्णता साठेल का. नुसतं हो-नाही चालणार नाही. आजची पातळी सांगा आणि प्रकल्पामुळे वाढणारी वाहतूक धरून उद्याची पातळी गणिताने काढून दाखवा, असं म्हटलंय. वाढणारी वाहतूक धरून! हे २००६ साली लिहिलंय. अर्जात दुसऱ्या ठिकाणी असंही विचारलंय की शेजारच्या चालू आणि होऊ घातलेल्या प्रकल्पांबरोबर मिळून याचा एकत्रित परिणाम काय होईल.

आमच्या समोरच्या प्रकल्पाच्या अर्जात पहिल्या प्रश्नाला उत्तर: लक्षणीय वाढ अपेक्षित नाही. दुसऱ्याला: नाही.

आमच्या इमारतीच्या गच्चीवर उभं राहून मी क्रेन मोजल्या. सात दिसतात. सात प्रकल्पांचे सात अर्ज. प्रत्येकाला आपण एकटेच आहोत असं वाटतं.

लक्षणीय वाढ म्हणजे काय, ते आपण घरच्या वहीत करून बघू. एक एकराचा खड्डा धरा, दोन तळघरं, सात मीटर खोल. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. गुणा. २८ हजार घनमीटरच्या वर माती आणि मुरूम. गावच्या मापात सांगायचं तर १० हजार ब्रास. खणलेली माती फुगते, जागेवरच्या मातीपेक्षा साधारण पाव हिस्सा जास्त जागा घेते. म्हणजे साडेबारा हजार ब्रास उचलायचे. एका हायव्यात पाच-साडेपाच ब्रास बसतात. ढोबळमानाने २,३०० खेपा. प्रत्येक हायवा भरून जातो आणि रिकामा येतो, म्हणजे गेटसमोरून ४,६०० वेळा. हा नुसता खड्डा झाला. अजून एक वीट रचलेली नाही.

गंमत नाही, दुःखाची गोष्ट सांगतो. या मातीच्या प्रत्येक ब्रासचा हिशेब सरकारकडे आहे. गौण खनिज म्हणून स्वामित्वधन भरावं लागतं, तहसील कार्यालयात नोंद होते, वाहतुकीचा पास निघतो. महसुलासाठी ब्रास मोजला जातो. तोच ब्रास हायव्यातून सांडून, चाकाखाली भरडून, आमच्या नाकात जातो तेव्हा त्याला माप राहत नाही. दोन्ही खाती एकाच सरकारची आहेत. एका खात्याचा आकडा दुसऱ्याच्या टेबलावर नेऊन ठेवायला कोणतं तंत्रज्ञान लागतं?

मग साहित्य येतं. नदीची वाळू मिळत नाही, तेव्हा काळा दगड फोडून केलेली क्रश सँड येते. मोशी, वाघोलीकडच्या खडी-क्रशरवरून. ज्याने ही सँड हातात घेतलीय त्याला माहीत आहे, मूठ उघडली की तळव्यावर पिठासारखी भुकटी राहते. ती उडते. मग काँक्रीट येतं. ते या प्लॉटवर कालवलं जात नाही, जवळच्या आरएमसी प्लांटवरून मिक्सरमध्ये येतं. प्लांटची परवानगी वेगळी, म्हणून या वसाहतीच्या हिशेबात प्लांट नाही. आणि प्लांटच्या हिशेबात ही वसाहत नाही. रात्री अकराला मिक्सरचं ड्रम फिरत असतं, प्लांटच्या सायलोत सिमेंट भरताना पांढरी वाफ उठते तशी धूळ उठते, आणि ती धूळ कुणाचीच नसते.

कटिंगचं सांगायला हवं. परवा चौथ्या मजल्यावर फरशी कापत होते. चौकट नसलेल्या खिडकीतून पांढरा ढग सरळ बाहेर. पाण्याची धार सोडली की धूळ चिखल होऊन खाली पडते, हे प्रत्येक कारागिराला ठाऊक असतं. पाणी नव्हतं. कापणाऱ्या पोराच्या तोंडावर गमछा होता, पापण्या पांढऱ्या झालेल्या. दगड, फरशी आणि काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते. ती फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही, आतल्या आत व्रण करते, त्याला सिलिकोसिस म्हणतात आणि त्यावर बरं करणारं औषध नाही. तो पोरगा दिवसाचे नऊ-दहा तास त्या ढगात बसतो. माझी खिडकी लांब आहे. त्याचं नाक ढगातच आहे. हवेचा कोणताही अहवाल पहिल्यांदा त्याच्यापासून सुरू व्हायला हवा.

केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने २५ जानेवारी २०१८ ला बांधकामाच्या धुळीसाठी नियम काढले. त्यात उघड्यावर कापणं-घासणं बंद. सैल माती, वाळू, राडारोडा उघडा ठेवायचा नाही. पाणी मारायची व्यवस्था हवी. साइटकडे जाणारा रस्ता पक्का, डांबरी हवा. वाऱ्याला अडवणारा आडोसा इमारतीच्या उंचीच्या एक तृतीयांश, जास्तीत जास्त १० मीटर. आणि हे सगळे उपाय लोकांना वाचता येतील असे फलकावर लावायचे. आमच्या गेटवर फ्लॅटचा दर दोन माणसांच्या उंचीच्या अक्षरात आहे. धुळीच्या उपायांचा फलक मी शोधला. आतल्या बाजूला, सिमेंटच्या गोण्यांच्या थप्पीमागे आहे, आणि इंग्रजीत आहे.

आणि संध्याकाळ. लेबर कॅम्पमध्ये पत्र्याच्या ओळीने खोल्या आहेत. सहाच्या सुमाराला प्रत्येक दारासमोर तीन विटांची चूल पेटते. जळण काय? सेंट्रिंगचे प्लायचे तुकडे, डिंक आणि तेल लागलेले, सिमेंटची रिकामी पोती. त्या धुराचा वास डोळ्यांना चरचरतो. पर्यावरण मंजुरीच्या पत्रांत एक अट नेहमीची असते: मजुरांची राहायची सोय जागेवर करावी, त्यात स्वयंपाकाचं इंधन, शौचालय, पिण्याचं पाणी, दवाखान्याची सोय, पाळणाघर. स्वयंपाकाचं इंधन असा शब्दच आहे तिथे. या साइटच्या मंजुरीपत्रातही आहे. चुलीपाशी बसलेल्या एका बाईला विचारलं, "ताई, गॅस मिळत नाही का?" ती म्हणाली, "सिलिंडर आपला आपण आणायचा, दादा. आनि नेनार कुठं, चार महिन्यांनी दुसरी साइट." तिच्या मांडीवर वर्षा-दीड वर्षाचं पोर होतं. नाक वाहत होतं. ते चुलीकडे तोंड करून खोकत होतं.

बांधकाम संपेल. मग धूळ बसेल, असं सगळे म्हणतात. इथे अहवालही संपतो. मला वाटतं, खरा अहवाल इथून सुरू व्हायला हवा, कारण बांधकाम चार वर्षं चालतं आणि वसाहत पन्नास.

५०० घरांची वसाहत धरा. घरामागे चार माणसं, दोन हजार लोक. माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी, हा सरकारी मापदंड. म्हणजे २ लाख ७० हजार लिटर. पिंपरी-चिंचवडला पालिकेचं पाणी नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड येतं, आणि नव्या पट्ट्यातल्या सोसायट्या टँकरवर जगतात. १० हजार लिटरचा टँकर. सगळं पाणी टँकरने आणायचं ठरलं तर रोज २७. निम्मं आणायचं तर तेरा-चौदा. डिझेलवर चालणारी जड गाडी, बरेचदा जुनी, चढाला काळा धूर सोडणारी. ती पाणी ओतून होईपर्यंत इंजिन चालू ठेवून गेटवर उभी. रोज. वर्षाचे ३६५ दिवस. अर्जातल्या पाण्याच्या भागात हे पाणी लिटरमध्ये आहे. हवेच्या भागात तो टँकर नाही.

गाड्यांचंही तसंच. पार्किंगच्या जागा नकाशात एकेक मोजून दाखवाव्या लागतात, नाहीतर नकाशा मंजूर होत नाही. म्हणजे किती गाड्या येणार, हे बिल्डरला, आर्किटेक्टला, पालिकेला, सगळ्यांना माहीत आहे. तो आकडा उचलायचा, सकाळी साडेआठ ते साडेदहा त्यातल्या किती बाहेर पडतील ते धरायचं, आणि हिंजवडीकडे जाणाऱ्या त्या एका भुयारी मार्गापाशी उभं राहून बघायचं की त्या किती मिनिटं जागेवर इंजिन चालू ठेवून उभ्या राहतील. पुण्यात हवामान शास्त्राची संस्था आहे, तिनेच उभी केलेली, हवेचा अंदाज देणारी 'सफर' आहे, पौड रस्त्याकडे वाहनांच्या चाचण्या करणारी एआरएआय आहे. केंद्रीय मंडळाच्या, हवेच्या प्रदूषणाचे स्रोत शोधणाऱ्या सहा शहरांच्या अभ्यासात पुणे होतं. हे गणित जगात कुणाला येत असेल तर ते याच शहरातल्या लोकांना येतं. ते विचारायचं कुणी, एवढाच प्रश्न आहे.

विचारण्याची जागाच ठेवलेली नाही. २००६ च्या अधिसूचनेत कारखान्याला, खाणीला जनसुनावणी आहे. इमारती आणि वसाहतींना सूट आहे. नवी वसाहत आली तर शेजाऱ्याला बोलवायचं नाही. मंजुरी मिळाल्यावर दोन वर्तमानपत्रांत जाहिरात द्यायची, त्यातलं एक इथल्या भाषेतलं. ती जाहिरात तुम्हीही पाहिली असेल, चौकटीत चार ओळींची: अमुक सर्व्हे नंबरवरील प्रकल्पास मंजुरी मिळाली आहे, प्रत संकेतस्थळावर उपलब्ध आहे. मराठीत तेवढंच. अर्ज, तक्ते, अटी, सहामाही अहवाल, सगळं इंग्रजीत. ज्या आजी रोज सकाळी खिडकी पुसतात त्यांच्यासाठी एक पान मराठीत लिहायला काय हरकत आहे?

आणि २० हजारांचा आकडा. २० हजार चौरस मीटर बांधकामापासून पर्यावरण मंजुरी लागते. त्याच्या आत असेल तर नाही. २० हजार चौरस मीटर म्हणजे २ लाख १५ हजार चौरस फूट. त्याच्या आत बसवलेली इमारत लहान नसते. आणि जुन्या शहरात, कोथरूडला, डोंबिवलीला, विलेपार्ल्याला एका गल्लीत पाच-पाच इमारती एकाच वेळी पाडून बांधतात. पाचही आकड्याच्या आत. त्या गल्लीतल्या हवेचा अहवाल कुणीही लिहिलेला नाही, कारण कुणी लिहायचाच नव्हता. यावर तरी राज्याने वेगळा नियम करावा: एका वॉर्डात चालू असलेल्या सगळ्या बांधकामांचा हिशेब एकत्र.

मागच्या वर्षी तर होती ती चौकटही सैल करायचा प्रयत्न झाला. २९ जानेवारी २०२५ च्या अधिसूचनेने औद्योगिक शेड, शाळा, महाविद्यालयं, वसतिगृहं यांच्या बांधकामांना या मंजुरीतून मोकळं केलं. मुंबईची 'वनशक्ती' ही पर्यावरण संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली आणि ५ ऑगस्ट २०२५ ला न्यायालयाने ती सूट रद्द केली. इमारत शाळेची असली म्हणून तिची धूळ निराळी नसते. चांगला निकाल आहे.

मोजलं की काय होतं, ते मुंबईने दाखवलंय. ऑक्टोबर २०२३ मध्ये हवा इतकी बिघडली की उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्याच महिन्यात महापालिकेने नियमावली काढली: उंच पत्रे, इमारतीला हिरवं कापड किंवा ताडपत्री, पाण्याचे फवारे, चाकं धुणं, राडारोड्याच्या गाड्या झाकून, आणि साइटवर हवा मोजणारं यंत्र. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस भायखळा आणि बोरिवली पूर्व इथे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक २०० च्या वर राहिला, तेव्हा आयुक्तांनी तिथली बांधकामं थांबवली. चालू बांधकामं! हे होऊ शकतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. पण लक्षात घ्या, तिथे मोजणारं केंद्र होतं म्हणून आकडा होता, आकडा होता म्हणून आदेश निघाला. जिथे यंत्र नाही तिथली हवा कागदावर कधीच वाईट होत नाही. केंद्राच्या स्वच्छ हवा कार्यक्रमात महाराष्ट्राची १९ शहरं आहेत, आणि यादीत नाव यायला आधी मोजावं लागतं. जिथे टेकड्या कापून नव्या वसाहती चढताहेत त्या शहराच्या कडांवर यंत्रं आधी पोचायला हवीत. पोचतात ती शेवटी.

आमच्या मजल्यावर एक सहा वर्षांचा मुलगा आहे. रात्री त्याच्या खोलीतून नेब्युलायझरची घरघर ऐकू येते. त्याच्या आईने डॉक्टरांना विचारलं, समोरच्या साइटमुळे का? डॉक्टर प्रामाणिक आहेत. म्हणाले, एका मुलाबाबतीत एकच कारण असं मी सांगू शकत नाही. धूळ कमी करा, खिडकी बंद ठेवा. खिडकी बंद ठेवली. मे महिन्यात, पाचव्या मजल्यावर, पश्चिमेचं ऊन. आता ती विचारते, "दादा, खिडकी उघडी ठेवायची की बंद, हे आज सकाळी कुणी सांगेल का?" सांगू शकेल असं एक यंत्र साइटच्या गेटवर लावता येतं. मुंबईच्या नियमात ते आहे. राज्यभर लावा, आणि त्याचा आकडा ऑफिसातल्या संगणकावर न ठेवता गेटवर, रस्त्याकडे तोंड करून लावा. फ्लॅटचा दर लावता तेवढ्याच अक्षरात.

हे अर्ज तपासणाऱ्या राज्याच्या मूल्यांकन समितीत बसणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. तुमच्या कामाला नवा कायदा लागत नाही, नवा अर्जही लागत नाही. "लक्षणीय वाढ अपेक्षित नाही" असं लिहिलेला प्रत्येक अर्ज परत पाठवा. ऑगस्टची मोजणी परत पाठवा. शेजारच्या सात क्रेनसमोर "नाही" लिहिलं असेल तर तो कागद हातातही घेऊ नका. एक महिना असं करून बघा, पुढच्या महिन्यापासून आकडे यायला लागतील.

आणि वाचकहो, तुमच्यासमोर क्रेन उभी असेल तर हे करा. गेटवरच्या फलकाचा फोटो काढा. मंजुरीचा क्रमांक 'परिवेश'वर टाका. हवेची दीड-दोन पानं काढा, मोजणीचा महिना बघा. अटींच्या पूर्ततेचा अहवाल वर्षातून दोनदा द्यावा लागतो, १ जूनला आणि १ डिसेंबरला, तो मागा. त्यात "चाके धुण्याची सोय केली आहे" असं असेल तर सकाळी सातला जाऊन खड्ड्याचा फोटो काढा, तारखेसह, आणि दोन्ही एकत्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात द्या, पोच घ्या. मंजुरी नुकतीच मिळाली असेल तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यातच आहे, अपिलाची मुदत ३० दिवसांची. एकटे जाऊ नका, सोसायटीचं पत्र घेऊन जा, आणि लेबर कॅम्पमधल्या चुलीचं त्यात पहिल्या ओळीत लिहा.

आमचं पत्र तयार आहे. सोमवारी सकाळी अकराला नेतोय. चोवीस फोटो जोडलेत, चोवीस सकाळचे, आणि चोवीसही फोटोंत खड्डा कोरडा आहे.